टिचकी मारली, फुगा फुटला, शिक्षण झालं!

हल्ली कुणाच्याही घरी गेलं की चहाच्या आधी एक कार्यक्रम होतो. तीन-साडेतीन वर्षांचं पोर सोफ्याच्या कोपऱ्यात फोनवर वाकलेलं असतं. आपण नुसतं त्याच्याकडे पाहिलेलं असतं, तोंडातून अवाक्षर काढलेलं नसतं, तरी त्याची आई घाईघाईने खुलासा करते, "कार्टून नाहीये हं, एज्युकेशनल गेम आहे!" त्या 'हं'मध्ये सगळा निवाडा येतो. कार्टून म्हणजे पाप, एज्युकेशनल म्हणजे पुण्य. उपवासाला बटाट्याचे वेफर्स चालतात, त्याच न्यायाने हा फोन चालतो. पुडीवर 'उपवासाचे' असं लिहिलेलं असलं की तेल किती होतं ते कुणी विचारत नाही.

मी २६ वर्षं बालवाडीत काढली. या खुलाशाचा मला आता कंटाळा आलाय, आणि कंटाळ्याहून राग जास्त.

आधी समोरच्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत सांगते, नाहीतर म्हातारीने सोयीने मोडतोड केली असं व्हायचं. म्हणणं असं : मूल खेळता खेळता शिकतं, त्याला ना कुणी रागावत ना मारत. रंग, आकार, अक्षरं, आकडे सगळं त्याच्या बोटांच्या टोकावर येतं. गेम तज्ज्ञांनी बनवलेला असतो, त्याला साडेचार स्टार असतात, लाखो लोकांनी तो उतरवून घेतलेला असतो, मग एवढे लोक काय वेडे आहेत? उद्याचं जग डिजिटल आहे, आत्तापासून सवय नको? आणि ज्या मुलाच्या घरी शिकवायला कुणी नाही, त्यालाही तोच उत्तम शिक्षक मिळतो. याखेरीज एक मुद्दा असतो, तो मोठ्याने बोलला जात नाही : पोर गप्प बसतं. त्याच्याकडे शेवटी येते, कारण खरा मुद्दा तोच आहे.

तर, खेळता खेळता शिकतं.

मागच्या उन्हाळ्यात नातू महिनाभर आमच्याकडे होता. त्याच्या गेममध्ये चार फुगे वर यायचे आणि एक बाई लाडिक आवाजात सांगायची, "लाल फुगा फोडा." मी शेजारी बसून पाहिलं. त्याने डावीकडचा निळा दाबला, 'टुंई' असा आवाज आला. शेजारचा हिरवा दाबला, पुन्हा टुंई. तिसरा लाल होता, फटाक! पडद्यावर चमकी उडाली, टाळ्या वाजल्या, बाई म्हणाली, "शाब्बास! तुम्ही खूप छान केले आहे!" (साडेतीन वर्षांच्या पोराला 'तुम्ही'. इंग्रजीतल्या 'यू'चं भाषांतर करणाऱ्याने आयुष्यात मराठी मूल मांडीवर घेतलं नसावं.) पुढचे फुगे आले. पुन्हा डावीकडून सुरुवात, टुंई, टुंई, फटाक. दोनेक मिनिटांत दहा फेऱ्या झाल्या आणि तीन स्टार मिळाले.

आता गंमत अशी की त्याला लाल रंग चांगला येतो. दोन वर्षांचा असल्यापासून येतो, आजोबांच्या मफलरवरून शिकलाय. पण गेममध्ये लाल ओळखण्यापेक्षा चारही दाबून मोकळं होणं पटकन होतं, हे पठ्ठ्याने बरोबर हेरलं. म्हणजे ज्याला रंग येत होता, त्याला या खेळाने रंगाकडे न बघायला शिकवलं. आणि त्याबद्दल तीन स्टार दिले.

इथे जाणकार म्हणतील, चूक करून शिकण्याची पद्धत तर माँटेसोरीचीच! खरंच? आमच्या बालवाडीत माँटेसोरीचाच एक लांबट लाकडी ठोकळा होता. त्यात दहा भोकं आणि दहा गट्टू, प्रत्येक वेगळ्या जाडीचा. जाड गट्टू बारीक भोकात जातच नाही. बारीक गट्टू जाड भोकात जातो खरा, पण मग शेवटी एक गट्टू हातात उरतो आणि त्याला घर नसतं. मूल थांबतं. हातातल्याकडे बघतं, भोकाकडे बघतं, मग भरलेल्या सगळ्या ओळीवरून नजर फिरवतं. कुणीही 'टुंई' करत नाही, कुणीही शाब्बास म्हणत नाही. चूक कुठे झाली ते लाकूडच सांगतं, आणि का झाली तेही लाकूडच सांगतं. 'टुंई' फक्त एवढंच सांगते की हे नाही, दुसरं दाब. दोन्हीला 'चुकांतून शिकणं' असं एकच नाव द्यायचं असेल, तर शिंपी आणि उंदीर दोघंही कापडच कापतात.

आणि याला खेळ तरी कशाला म्हणायचं? भातुकलीत चमचा हा कधी बाळ असतो, कधी झाडू, कधी भाडं मागायला आलेला घरमालक. नियम पोरं ठरवतात, मोडतात, त्यावरून भांडतात आणि पाच मिनिटांनी नवे ठरवतात. इथे फुगा हा फुगाच. तो फोडायचाच, तोही बाईंनी सांगितलेलाच. शिवाय भातुकली संपते. लपाछपी दिवेलागणीला संपते. आपडी-थापडी खिदळून संपते. हा गेम मात्र संपतच नाही, एक झाला की लगेच पुढची पायरी आपोआप सुरू होते. त्या पोराला आपण 'नाद लागलाय' म्हणतो आणि वर त्याच्यावरच डाफरतो. जो खेळ संपू नये म्हणूनच बनवलाय तो त्याने आपण होऊन बंद करावा, ही अपेक्षा आपण साडेतीन वर्षांच्या माणसाकडून करतो. आपल्या हातातला फोन रात्री साडेअकराला आपल्याला तरी खाली ठेवता येतो का?

दुसरा दाखला प्रगतीचा. "त्याला शंभरपर्यंत आकडे येतात." येत असतील. शंभरपर्यंत म्हणता येणं आणि मोजता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बालवाडीतली कुठलीही बाई झोपेत सांगेल. पाच चिंचोके जवळजवळ मांडा, त्यांच्यासमोर तेवढेच पाच लांब लांब मांडा आणि चार वर्षांच्या मुलाला विचारा, कुठे जास्त? बहुतेक मुलं लांबलेली रांग दाखवतात. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी दाखवून ठेवलंय. ही समजूत तोंडपाठ आकड्यांनी जात नाही. चिंचोके हाताने सरकवून, पुन्हा जवळ आणून, सांडून, गोळा करून, शेजारच्याचे दोन ढापून ती हळूहळू जाते. पडद्यावरचा चिंचोका ढापता येत नाही. त्याला वजन नाही, तो कोचाखाली जात नाही, नाकातही जात नाही. (हा शेवटचा गुण मी पडद्याच्या बाजूने मान्य करते.)

ऋतूंचा खेळ तर पाहण्यासारखा होता. चार चित्रं : फुलं, ऊन, गळणारी पिवळी पानं आणि बर्फाचा माणूस. पाऊस नाही! ज्या मुलाच्या आयुष्यातले चार महिने छत्री, चिखल आणि न वाळणारे कपडे यांत जातात, त्याला ऋतू शिकवणाऱ्या खेळात पाऊस नाही. फळांमध्ये किवी होतं, चिकू नव्हता. हे असलं शिकून मूल जगाशी जोडलं जाईल म्हणतात. कुठल्या जगाशी ते त्यांनी एकदा सांगून टाकावं.

आता स्टार आणि तज्ज्ञ.

साडेचार स्टार दिले कुणी? मुलाने नाही, त्याला लिहिता येत नाही. दिले आईबापांनी. त्यांनी काय पाहून दिले? अशा खेळांखालचे अभिप्राय वाचा. 'माझा मुलगा तासभर हलत नाही', 'जेवताना लावून देते, पटापट जेवतो'. हे अभिप्राय शिक्षणाचे आहेत की भूल देणाऱ्या डॉक्टरांचे? आणि 'एज्युकेशनल' हे विशेषण गेम बनवणारा आपल्या मालाला आपणच लावतो. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीला परवाना लागतो, मुलाच्या मेंदूत जाणाऱ्या मालाला हे विशेषण लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

तपासणाऱ्यांनी तपासलं नाही असंही नाही. मानसशास्त्रज्ञ कॅथी हर्श-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अशा ॲप्ससाठी चार कसोट्या मांडल्या. मुलाचं डोकं चालतंय की नुसतं बोट? ते शिकण्यात गुंतलंय की मध्ये मध्ये उडणाऱ्या चमकीत? जे शिकतंय त्याचा त्याच्या जगण्याशी संबंध आहे का? आणि या सगळ्यात दुसरं जितंजागतं माणूस आहे का? पुढे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी याच कसोट्यांवर शंभराहून जास्त ॲप्स घासून पाहिली. निम्म्याहून अधिक खालच्या पट्टीत गेली, आणि फुकटातली आणखी खाली. त्याआधी २०१८ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या गटाने लहान मुलांची १३५ ॲप्स तपासली, तर त्यांतल्या ९५ टक्क्यांमध्ये या ना त्या रूपात जाहिरात होती. काही ठिकाणी तर मुलाचा लाडका प्राणीच त्याला म्हणायचा की हे विकत घे. ज्या मुलाला जाहिरात म्हणजे काय हेच कळत नाही, त्याला माल विकायला त्याचा मित्रच पाठवायचा. बाजारातल्या अट्टल विक्रेत्यालाही हे सुचलं नसतं.

'एवढे लोक वेडे आहेत का?' याचं उत्तर 'बेबी आइन्स्टाइन'च्या गोष्टीत आहे. तान्ह्या मुलांसाठीच्या या व्हिडिओंनी एके काळी अमेरिकेतली घरंच्या घरं व्यापली होती. २००९ मध्ये ते विकणाऱ्या डिस्ने कंपनीने गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले. २०१० मध्ये जूडी डेलोश आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. महिनाभर असला व्हिडिओ पाहिलेली एक ते दीड वर्षांची मुलं, तो न पाहिलेल्या मुलांपेक्षा काही जास्त शब्द शिकली नव्हती. सगळ्यांत जास्त शब्द शिकली ती ज्यांना आईबापांनी व्हिडिओ वगैरे न लावता, त्यातलेच शब्द रोजच्या वावरात सांगितले ती मुलं. आणि यातली खरी मेख पुढे आहे. ज्या पालकांना तो व्हिडिओ स्वतःला आवडला होता, त्यांना आपलं मूल त्यातून बरंच शिकलं असं वाटत होतं. म्हणजे स्टार कुणाला मिळतात आणि कशाचे मिळतात, ते आता वेगळं सांगायला नको.

माणूस लागतं हे तर आणखी आधी कळलं होतं. भाषा-संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. ज्यांच्यासमोर बारा वेळा जिवंत माणसं बसून खेळण्यांशी खेळत बोलली, त्या बाळांना चिनी उच्चारांतले भेद कळू लागले. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं, पण पडद्यावर. काही फरक पडला नाही. गेमवाले म्हणतील, आमचा पडदा बोट लावल्यावर उत्तर देतो. देतो ना, "तुम्ही खूप छान केले आहे." मूल त्याला "यात पाऊस का नाही?" असं विचारतं, तेव्हा काय देतो?

डिजिटल जगाची सवय हा युक्तिवाद मला सगळ्यांत केविलवाणा वाटतो. ज्यांनी २०१० मध्ये पहिला आयपॅड जगासमोर ठेवला, त्यांच्यातल्या एकाच्याही बालपणी आयपॅड नव्हता. ते मातीत, लाकडात, भांडणांत वाढले आणि तरी, किंवा म्हणूनच, त्यांना ते सुचलं. आणि पडद्यावर बोट फिरवायला शिकायचं ते काय? दीड वर्षांचं मूल तुमचा फोन उघडून तुमच्या साहेबाला फोन लावतं. ज्याला शिकावं लागत नाही, त्याचे वर्ग कशाला? त्या वयात शिकायचं असतं ते शर्टाचं बटण लावायला, कणकेचा गोळा दाबायला, कागद रेघेवर फाडायला. पुढे पेन्सिल ज्या बोटांत धरायची आहे, त्या बोटांत जोर यावा लागतो. काचेवर टिचक्या मारून तो येत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडदा दिवसाला तासाभराहून जास्त नको, आणि कमी तेवढा बरा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये जवळपास तेच सांगितलं. या दोघांनीही 'एज्युकेशनल' लिहिलेल्या पुडीला सूट दिलेली नाही.

राहिला गरिबाचा कळवळा. हा मुद्दा मांडणाऱ्यांना एवढंच विचारते, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ काय करत होत्या? १९४५ साली बोर्डीला त्यांचं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, पुढे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, यातूनच 'अंगणवाडी' हा शब्द आला. शिंपले, खडे, पानं, बिया असली साधनं होती. त्यांतला एकही खडा चार्ज करावा लागत नव्हता. गरिबाच्या मुलासाठी काय करायचं, याचं उत्तर महाराष्ट्राने पाऊणशे वर्षांपूर्वी काढलेलं आहे, आणि त्या उत्तरात एक बाई होती. आज त्याच अंगणवाडीतल्या बाईच्या हातात आपण माहिती भरायचा फोन दिला. तो नीट चालेना, ॲप इंग्रजीत, म्हणून २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी फोन परत केले. बाईला कमी पगार द्यायचा, तिचा वेळ नोंदींत घालवायचा आणि मग म्हणायचं की शिकवायला कुणी नाही, म्हणून गेम आणूया. टांझानियात टॅब्लेटवर मुलं शिकली, हा दाखला कुणी देईलच. शिकली. पण ती सात ते अकरा वर्षांची होती, आणि तिथे आसपास धड शाळा नव्हत्या. तो दाखला नाशिकमधल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमधल्या, घरात आजी-आजोबा बसलेले असलेल्या पोराला लावायचा?

सगळं वाईट आहे असं मी म्हणत नाही. परदेशातल्या लेकीशी पडद्यावर बोलणारी आजी मीही आहे. आई शेजारी बसून, दोघं मिळून पंधरा मिनिटं एखादा चांगला खेळ खेळली, मध्येच थांबून "आपल्या घरात असं गोल काय काय आहे रे?" म्हणाली, तर मला त्यात वावगं काही दिसत नाही. पण तेव्हा शिकवलं कुणी, खेळाने की आईने? आणि आई शेजारी बसणारच असेल, तर खेळ हवाच कशाला, हेही विचारून घेते. याहून जास्त सूट माझ्याकडून मिळणार नाही.

आता तो न बोललेला मुद्दा, गप्प बसण्याचा.

माझी सून नोकरी करते. संध्याकाळी सातला येते, पोळ्यांचा तवा तापत असतो, पोर पायात घोटाळत असतं. त्या वीस मिनिटांत तिने त्याच्या हातात फोन दिला तर मी तिला एका शब्दाने बोलत नाही. मीही माझ्या लेकरांना टीव्हीपुढे बसवून कुकर लावलेत. माझं भांडण फोन देण्याशी नाहीच. माझं भांडण त्याला शिक्षण म्हणण्याशी आहे. "मला वीस मिनिटं हवीत म्हणून दिलाय" असं म्हणणारी बाई एकविसाव्या मिनिटाला तो काढून घेते, कारण तिला माहीत असतं आपण काय दिलंय ते. "शिकतोय" म्हणणारी का काढून घेईल? शिकणाऱ्याच्या हातून पुस्तक कुणी हिसकावतं का? वीस मिनिटांचे दोन तास होतात ते इथे. एका शब्दाने होतात, आणि तो शब्द विकून लोक श्रीमंत होतात. अमेरिकेतल्या 'एबीसीमाउस' या लहान मुलांच्या शिक्षणाच्या ॲपवर तिथल्या ग्राहकहित पाहणाऱ्या आयोगाने आरोप ठेवला होता की वर्गणी आपोआप चालू राहते आणि बंद करू म्हटलं तर होत नाही. २०२० मध्ये कंपनीने १ कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं.

गेम कसा तपासायचा, असं मला पालकसभेत विचारतात. मी म्हणते, गेम चालू असताना तपासूच नका, बंद केल्यावर तपासा. नातू आमच्याकडे होता त्याच महिन्यातली एक रात्र. त्याचे आकड्यांच्या गेममध्ये अडतीस स्टार झाले होते, सूनबाईंनी मला ते दाखवलेही. ताटं मांडताना मी त्याला म्हटलं, "बाळा, सगळ्यांना एकेक चमचा आण रे." माणसं पाच. त्याने मूठभर चमचे आणून खाली ओतले, झालं काम! मी म्हटलं, "कुणाला कुठला?" मग तो प्रत्येक ताटाशी एकेक ठेवत गेला. आईला, बाबाला, आजीला, स्वतःला, आणि स्वतःला आणखी एक. चमचे संपले. "आजोबांना नाही!" तो ओरडला. उठून स्वयंपाकघराकडे पळाला, दारात थांबला, परत आला, स्वतःच्या ताटाकडे बघितलं, जरा विचार केला आणि दोनांतला एक उचलून आजोबांच्या ताटाशी ठेवला. या सगळ्यात भात निवला. टाळ्या वाजल्या नाहीत.

तेव्हा फोन द्यायचा तर द्या, वीस मिनिटं द्या, तुमची गरज मी समजू शकते. पण स्टार दाखवायला मला बोलावू नका, आणि तो 'हं' तेवढा सोडा.